हरेश, पाणी फिरलंच नाही

हरेश,

तुझं बारावं परवा झालं. मांडव उतरला, तुझ्या भावाने भाड्याच्या खुर्च्या परत पाठवल्या आणि वैजूवहिनींनी अंगणातल्या बोंबील वाळवायच्या वलांडी पुन्हा भरल्या. मी मात्र अजून तुझ्या घरी जाताना खाडीच्या बाजूने जात नाही. मागच्या, देवळाकडच्या गल्लीने जाते. पोयनाडकडच्या भातखाचरात वाढलेल्या या बाईचं पाण्याचं भय तू वर्षानुवर्षं चिडवून चिडवून घालवलं होतंस, आणि जाताना तूच ते परत देऊन गेलास. मला तुझा राग आलाय. कॉलेजच्या शोकसभेत तो गिळला, चार बरे शब्द बोलले आणि खाली बसले. इथे गिळणार नाही.

प्रश्न केतकीचा आहे. तुझी लेक आता माझ्याच विभागात एम.ए. करते, आणि पुढच्या महिन्यात मुलांचा जो गट व्हिएतनामला जायचाय त्यात तीही आहे. तोच किनारा, तेच गाव, जिथे गेल्या वर्षी तू आणि मी पोरांना घेऊन गेलो होतो. तू असतास तर तूच नेणार होतास. आता नेणारी मी एकटी. बाराव्याच्या जेवणावळीत तिच्या आईने, वैजूवहिनींनी, मला मोरीपाशी गाठलं. हातातलं पातेलं खाली न ठेवता म्हणाल्या, "ताई, दर्यानं एक नेला. माझे पोरीला तिकरं नेव नका." त्या आत गेल्या आणि पाठोपाठ केतकी आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखाच ठाम. "मावशी, मी येणार. आईचं ऐकू नका. बाबांचं आणि माझं बोलणं झालंय." मी दोघींना 'बघू' म्हटलं. 'बघू' हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलाय की त्यामागे काही नसतं हे त्या दोघींना लगेच कळलं असणार.

म्हणून तुझ्याशी भांडायला बसलेय. वर्षभर चाललेलं भांडण तू अर्धवट टाकून गेलास, असं मी चालू देणार नाही.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. कॉलेजचं पहिलं वर्ष, तू जीवशास्त्राला, मी समाजशास्त्राला. सगळी मुलं ओहोटीला अलिबागच्या पाण्यातल्या किल्ल्यावर चालत निघाली होती आणि मी वाळूत उभी राहून म्हणत होते की मी येत नाही, परतताना पाणी आलं तर काय. तू कोण, कुठला, मला माहीतही नव्हतं. तू माझ्या काढून ठेवलेल्या चपला उचलल्यास आणि सरळ चालायला लागलास. "चपला हव्या असतील तर ये, बाय." शिव्या देत देत मी तुझ्यामागे किल्ल्यावर पोचले. तिथे बसून तू मला तिथीची पाऊणपट कशी करायची आणि भरतीची वेळ कशी काढायची ते शिकवलंस. माझं गणित कच्चं, म्हणून बोटांवर शिकवलंस. पुढे आपण दोघं त्याच कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये तुझी ही विद्या सगळ्यांच्या कामाची झाली. मुलांना किनाऱ्यावर न्यायचं असलं की प्राचार्यसुद्धा आधी तुला विचारायचे. तू खिडकीतून आभाळाकडे बघायचास, ओठ हलवायचास आणि वेळ सांगायचास. ती चुकल्याचं मला आठवत नाही.

ती एकदाच चुकली.

व्हिएतनामची कल्पना तुझीच. आपल्या कोळीवाड्यांसारखीच तिथली मच्छीमार गावं, तशीच खारफुटी, बाजारात तशाच बायका. तुझ्या मुलांनी खेकडे आणि चिखल बघावा, माझ्या मुलांनी बाजार आणि माणसं. एकाच सहलीत दोन्ही. उरण, पेण, श्रीवर्धनकडची पोरं, बहुतेकांचा पहिलाच विमानप्रवास. आणि मुंबईच्या विमानतळावर सगळ्यात आधी अडकलास तू. तुझ्या बॅगेत सोललेला नारळ निघाला. नव्या पाण्यात पाय घालायचा तर आधी त्याला नारळ द्यायचा, हा तुमच्या घरचा नेम. तपासणीवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हा नेता येणार नाही. तू हुज्जत घातलीस, पोरं हसली, मीही हसले. "तिकडे काय नारळ पिकत नाहीत का रे?" तू नारळ ठेवलास, पण दोनदा मागे वळून पाहिलंस. विमानात तू जेवला नाहीस. खिडकीतून खाली काळं पाणी दिसत होतं तेवढा वेळ तू पडदा ओढून बसला होतास.

तिकडे नारळ पिकत होतेच. पण त्या गावच्या बाजारात मिळाले ते सगळे हिरवे शहाळ्याचे. तुला सुका, शेंडीवाला हवा होता. दुकानदारीण तुझ्या हातवाऱ्यांकडे बघून खो खो हसली आणि तिने शहाळं फोडून तुझ्या हातात नळी दिली. "उद्या बघू," तू म्हणालास.

तो किनारा मला आवडला नाही, हे मी तेव्हाही बोलले होते. कारण तो फारच आपला होता. तोच मातकट रंग, तोच चिखलाचा वास, दलदलीत रोवलेल्या त्याच काठ्या, होड्यांवर वाळत घातलेले तेच कपडे. फक्त माणसं बोलायला लागली की एक अक्षर कळत नव्हतं. मुलं खूश होती. उरणच्या ओंकारने घरी व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या आईला पाच मिनिटं पटेना की पोरगा परदेशात आहे. तू धक्क्यावर बसून पाण्याकडे बघत होतास. संध्याकाळ होती, पाणी काठोकाठ भरलं होतं. तू तिथी मोजलीस आणि तुझा चेहरा खुलला. "बघ, जुळलं. आपलाच हिशोब हाय हितं पन. आज भांग, पान्याला जोर न्हाय. उद्या सकाली ओहोटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच समोरचा चिखल उघडा पडला होता आणि त्याच्या पलीकडे खडकाळ बेट, वर एक छोटंसं देऊळ. मुलांनी तुझ्यामागे भुणभुण लावली. आपल्याला बोलावणारे तिथले प्राध्यापक त्या सकाळी शहरात गेले होते, त्यांची दुभाषी मुलगीही त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, ते आल्यावर जाऊ, इथलं पाणी आपल्याला काय ठाऊक. तू हसलास. "पानी पानी असतं, बाय. दुपारपर्यंत अजून उतरंल. चपला देतेस का माझ्याकडं?"

आपण निघालो तेव्हा त्या गावच्या शिंपल्या वेचणाऱ्या बायका परत येत होत्या. सगळ्या. पाठीवर भरलेल्या टोपल्या, डोक्यावर त्या निमुळत्या टोप्या, आणि एकही बाई बेटाच्या दिशेने जाणारी नव्हती. मी तुला कोपराने ढोसलं. तू म्हणालास, पहाटेपासून वाकून दमल्या असतील. त्यातली एक थांबून आपल्या पोरांकडे बघत राहिली.  बोलली असती तरी आपल्याला कळलं नसतं. पाणी घोट्यापर्यंत होतं आणि कोमट होतं.

बेटावर मुलांनी फोटो काढले, देवळात वाकून नमस्कार केले, डबे उघडले. वैजूवहिनींनी दिलेली जवळ्याची चटणी तू सगळ्यांना वाढलीस. माझं लक्ष खडकाच्या कडेला होतं. आलो तेव्हा जिथे बूट काढून ठेवले होते ती जागा ओली झाली होती. मग दिसेनाशी झाली. मी तुला दाखवलं. तू म्हणालास, वाऱ्याने आलंय. थोड्या वेळाने म्हणालास, आता फिरेल. परत थोड्या वेळाने म्हणालास, आता फिरलंच पाहिजे. डोक्यावरचं ऊन तिरपं व्हायला लागलं. पाणी चढतच होतं. लाटा नाहीत, आवाज नाही, घाई नाही. आपल्याकडे भरती येते ती खळाळत येते, तिचं येणं कळतं. हे नुसतं वर येत होतं. तू बोटांवर परत परत तिथी मोजत होतास आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्या तोंडावर भय दिसेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. ओळखीच्या माणसाने भर बाजारात ओळख दाखवली नाही की जसं होतं, तसा तू दिसत होतास.

देवळाच्या पायरीलाही पाणी लागलं तेव्हा मात्र तू उठलास. मुलींच्या ओढण्या एकमेकींना बांधल्यास, उंच मुलांना बाहेरच्या बाजूला उभं केलंस, आणि पेणच्या सानिकाला, जी सगळ्यात बुटकी, खांद्यावर घेतलंस. मला म्हणालास, "सुधा, तू मधी." आयुष्यात पहिल्यांदा 'बाय' म्हणाला नाहीस, आणि मी निमूट मध्ये जाऊन उभी राहिले. गावातून दोन होड्या सुटलेल्या तेवढ्यात दिसल्या. कुणीतरी आपल्याला पाहिलं होतं, कदाचित त्या थांबलेल्या बाईनेच. होड्या पोचल्या तेव्हा खडकाच्या कडेला पाणी माझ्या छातीला लागलं होतं. तू पोरांना एकेक करून वर ढकललंस. मला ढकललंस तेव्हा माझं मनगट इतकं आवळलंस की वळ उठला. त्या हाताने मी आज हे लिहितेय. सगळी मुलं सुखरूप होडीत आली ती तुझ्यामुळे, हे मी आधी म्हणते, नंतर बाकीचं.

बाकीचं हे, की शेवटी तू एकटाच खडकावर राहिलास आणि होडीकडे पाठ करून उभा राहिलास. कमरेइतक्या पाण्यात, तोंड उघड्या समुद्राकडे. नाखवा ओरडला. मी ओरडले. पोरं 'सर, सर' करून रडायला लागली. तू वळला नाहीस. काय बघत होतास, हरेश? तिकडे काहीच नव्हतं. मी त्याच दिशेने पाहत होते, मला मातकट पाणी आणि मातकट आभाळ दिसत होतं. शेवटी नाखव्याने उडी मारून तुझ्या दंडाला धरलं, तेव्हा झोपेतून उठल्यासारखा तू आलास.

त्या संध्याकाळी प्राध्यापक परत आले. त्यांनी हात जोडून माफी मागितली आणि समजावलं की या किनाऱ्यावर भरती दिवसातून एकदाच येते. अर्धा दिवस पाणी चढतं, अर्धा दिवस उतरतं. सकाळी जी आपल्याला ओहोटी वाटली ती चढती भरती होती. इथल्या प्रत्येकाला हे ठाऊक असल्यामुळे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तू नुसतं विचारलंस, "एकदाच?" ते 'हो' म्हणाले.  परतीच्या विमानात, दिवे मंद झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणालास, "आपला दर्या येतो आन् जातो. त्याला दुसरी कामं असतात. तो तिकडचा बसून राहतो, बाय. एवढा आला आन् हात हालवत गेला." मी तुला म्हटलं, झोप. मला खरं तर तुझं तोंड दाबावंसं वाटलं होतं.

घरी आल्यावर आपण दोघांनी मिळून कुणाला फारसं काही सांगितलं नाही. पोरांनीही सांगितलं नाही. पण भीती पोरांच्या बरोबर आली होती. उरणला जाताना ओंकार रेवसची तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, सोडून लांबचा रस्ता धरू लागला. सानिका श्रावणात मैत्रिणींबरोबर हरिहरेश्वरला गेली आणि देवळामागच्या खडकांवर न उतरता परत आली. आणि तू तिथी मोजणं सोडलंस. कुणी भरतीची वेळ विचारली की मोबाइलवर बघून सांगायचास. भावाच्या होडीवर पाय ठेवेनास. रोज कॉलेज सुटलं की खाडीत जायचास आणि गुडघाभर पाण्यात उभा राहायचास, पँट दुमडून, तासभर. कोळीवाड्यातली माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. वैजूवहिनींनी मला फोन केला, "ताई, हे पान्याशी बोलतान."

मी तुला जाब विचारला तेव्हा तू तुमच्या घरचा दुसरा नेम सांगितलास. होडी उलटली, माणसं वाचली, तर दुसऱ्याच दिवशी त्याच माणसांनी त्याच पाण्यात जायचं. भीती घरी आणायची नाही, आणली तर ती घर सोडत नाही. "आपण ती विमानात घालून आणली," तू म्हणालास, "पोरांच्या घराघरांत वाटली. आता ती तिकडं नेऊन टाकली पायजे." म्हणून यंदा परत जायचं, जुन्यातली येतील ती पोरं आणि नवी पोरं घेऊन, त्याच बेटावर, या वेळी पाण्याची वेळ नीट विचारून. मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तू म्हणालास, तुला गुडघ्यापर्यंतचंच पाणी ठाऊक, तू बोलू नकोस. स्टाफरूममध्ये, जिन्यात, फोनवर, आपण भांडत राहिलो. मी हट्टाने विरोध केला आणि तू हट्टाने सहल मंजूर करून घेतलीस. शेवटचं बोललो तेही हेच. तू म्हणालास, "तू न्हाय आलीस तरी मी जानार." मी म्हटलं, जा मर तिकडे. आपल्याकडे येता-जाता म्हणतात तसं म्हटलं रे.

तू तिकडे गेलाच नाहीस. इथेच, सकाळच्या ओहोटीला, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात तुझ्या भावाला सापडलास. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पाण्याशी काही संबंध नाही. मी तेच सगळ्यांना सांगतेय. कोळीवाड्यात कुणी माझ्याशी वाद घालत नाही. मान हलवतात आणि खाडीकडे बघतात. तुझ्या भावाने मला एकदाच, खालच्या आवाजात सांगितलं, की तू पालथा नव्हतास. गुडघ्यांवर बसलेला होतास, तोंड समुद्राकडे.

काल केतकी माझ्या घरी आली. मी तिला चहा दिला आणि ठरवून ठेवलेलं बोलायला लागले: तुझी आई एकटी आहे, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, बाबा त्या खडकावर उभे राहून काय बघत होते ते मला बघायचंय. ओंकारने मला सांगितलंय सगळं. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, तिथे काही नव्हतं गं. ती म्हणाली, "मग जायला काय हरकत आहे?" तुझीच लेक. मग मी तुझ्याच आडोशाला गेले. म्हटलं, बाबांचं आणि तुझं बोलणं झालं होतं म्हणालीस ना, काय म्हणाले बाबा? ते 'ये' म्हणाले असतील तर मी तुला नेते.

तिने कप खाली ठेवला. तिला खोटं बोलता येत नाही, हेही तुझंच.

"बाबा नको म्हणाले होते," ती म्हणाली. "मी खूप रडले. बाकीच्या सगळ्यांना नेताय, मग मला का नाही, विचारलं. तर म्हणाले, बाकीची पोरं जातील आन् येतील. तू न्हाय. तुझा चेहरा माझ्यावर गेलाय. तिकडचा तो वळखंल."

मी तिला घट्ट धरून बसले. ती रडत होती. ती घरी गेल्यावर मी विभागात फोन केला आणि सहल रद्द करून टाकली. फक्त केतकीची नाही, सगळ्यांचीच. बाकीची पोरंही कुणावर तरी गेलेली असतातच, हरेश. हे तुला सांगावं लागावं याचा मला राग आला, खूप आला, आणि मग तो टिकला नाही. वर्षभर मला वाटत होतं की मी एका हट्टी, निडर माणसाशी भांडतेय. तू तर आतून पार भ्यालेला होतास. एकदा मला म्हणायचं होतंस की सुधा, मी भ्यालोय. मी एक शब्द बोलले नसते. पोयनाडकडची असले तरी साडी वर खोचून त्या पाण्यात आले असते, आणि तुझ्या शेजारी उभी राहिले असते.